पोटखराबा

कोकणात वाळवंट नसतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ओरोसच्या आसपासच्या एखाद्या सड्यावर येऊन बघा. झाड नाही, सावली नाही, पायाखाली माती नाही. नजर जाईल तिथवर काळपट जांभा. मी एकदा तापमापी लावून बघितलं, तर खडक ५६ अंशांवर होता. बुटांच्या तळव्यांतून ऊन वर येतं. अशा जागी मी गेलं वर्षभर धावतोय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी पुण्यात, मी ओरोसला, मधे इंटरनेट. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालयासाठी ओरोसला सिंधुदुर्गनगरी वसवली. आधी कागदावर आखलेलं आणि मग बांधलेलं गाव. रुंद रस्ते, सरकारी इमारती, ऑफिसं सुटली की शुकशुकाट. धावायला उत्तम. सुरुवात तिथेच केली. पण डांबरावरच्या त्याच त्या फेऱ्यांचा कंटाळा आला आणि जूनमधल्या एका रविवारी बाइक काढून आमच्या मूळ गावच्या सड्यावर गेलो.

गाव दहा किलोमीटरवर. गावाच्या डोक्यावर सडा, आणि त्यातला एक तुकडा आमचा. ‘आमचा’ म्हणजे सात-बारावर अकरा नावं, त्यातली आठ मुंबईत. लागवडीला नालायक म्हणून तो तुकडा ‘पोटखराबा’ या रकान्यात लिहिलेला. शब्द ऐकूनच वाटतं, जमिनीचं पोट बिघडलंय.

पहिल्याच दिवशी गुरं राखणाऱ्या एका आजीने हटकलं, “रे झिला, पाठसून कोण लागलो काय?”

“नाय गे आजी, असोच धावतंय.”

“मगे धावतंसच तर माझी ढोरां तरी वळव.”

ट्रेल रनिंगची याहून चांगली व्याख्या मला अजून कुणी सांगितलेली नाही. रस्ता नसतो. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दर सेकंदाला ठरवावं लागतं. जांभा वरून सपाट दिसतो, पण त्याला भोकं असतात, धार असते, पावसात शेवाळ चढतं. सड्यावर माझा वेग डांबरापेक्षा किलोमीटरमागे दोन मिनिटांनी कमी झाला. शिवाय फुरसं. सिंधुदुर्गात ते नवीन नाही, पण धावणाऱ्याला त्याची वेगळी दखल घ्यावी लागते. दिवसा ते दगडाखाली पडून असतं, म्हणून सुट्ट्या दगडावर पाय द्यायचा नाही आणि अंधारात सड्यावर जायचं नाही. हे दोन नियम मी स्ट्रावाच्या आकड्यांहून जास्त पाळले.

श्रावणात सडा ओळखू येत नाही. खळग्यांत पाणी साचतं, त्याच्या काठावर बोटभर मातीत फुलं येतात. गेंदाची पांढरी बटणं, तेरडा, आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. ही सीतेची आसवं कीटक खातात. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ती मुळांजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवतात. मी दर रविवारी तीच वाट धावत होतो आणि दर रविवारी रंग वेगळा होता. ऑक्टोबरमध्ये ऊन तापलं आणि तीन आठवड्यांत सगळं करपून परत काळं झालं.

दिवाळीत चिरेखाणीसाठी जमीन बघणारा एक माणूस बाबांना भेटायला आला. आकडा चांगला होता. तो गेल्यावर बाबा म्हणाले, “सड्यार काय पिकता? दगड. आणि तो दगडच तर मागता.” मुंबईहून काकांचा फोन आला, “घेऊन टाकूया रे. पोरीची अॅडमिशन आहे पुढच्या वर्षी.” यात कुणी हावरट नव्हतं. आमच्याही घराचं छप्पर गळतं. सही बाबांची लागणार होती, माझी नाही. पण बाबा मला विचारत होते, “तू रोज थंयसर जातंस. तुका काय वाटता?”

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. माझ्याकडे एक शर्यत होती.

वाळवंटात धावण्याचं वेड तसं जुनं आहे. पॅट्रिक बाउअर नावाच्या फ्रेंच माणसाने १९८४ मध्ये सहारातून एकट्याने साडेतीनशे किलोमीटरची पायपीट केली आणि त्यातून १९८६ मध्ये ‘माराथाँ दे साब्ल’ ही शर्यत सुरू झाली. मोरोक्कोत, साधारण अडीचशे किलोमीटर, अनेक टप्प्यांत, जेवण स्वतःच्या पाठीवर. माझ्या खिशाला मोरोक्को परवडत नाही. कच्छचं रण परवडतं. फेब्रुवारीत खडीर बेटावर, धोळावीराच्या आसपास एक छोटी ट्रेल शर्यत होती. ५० किलोमीटर. नाव नोंदवलं.

तयारी सड्यावरच केली. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं, मधे प्यायलेलं पाणी हिशेबात धरायचं. तासाला माझा १.३ लीटर घाम जातो, हे तिथे कळलं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम विरळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून बाटलीत कोकम आगळ, साखर आणि मीठ. पहाटे उकड्या तांदळाची पेज. बाजारातली जेलची पाकिटं मी फार वापरली नाहीत. पेजेने पोट साथ देत होतं.

रणात एक गोष्ट उलटी झाली. कोकणात घाम निथळतो, कारण हवेतच इतका ओलावा असतो की तो उडत नाही आणि अंग थंड होत नाही. रणात घाम दिसतच नाही. आला की उडतो, टोपीवर मिठाची पांढरी रेघ उरते. अंग कोरडं म्हणून तहान नाही असं वाटतं, आणि तिथेच घात होतो. मी घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि वाजला की दोन घोट घेतले. तहानेला विचारलं नाही. तिसाव्या किलोमीटरनंतर मिठाच्या पातळ पापुद्र्यावरून वाट होती. पाऊल टाकलं की कर्रर्र, आणि खाली ओला चिखल. आठ तास दहा मिनिटांनी पोचलो. माझ्या मागे चार जण होते.

दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी धोळावीराचं उत्खनन बघितलं. २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेलं हे हडप्पाकालीन शहर. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे ते वसवलं होतं. ओढ्यांवर बंधारे घालून पाणी शहराभोवतीच्या प्रचंड टाक्यांत वळवलं होतं. खडकात खोदलेल्या टाक्या, उतरायला पायऱ्या. मी तिथे बसून सड्याचा विचार करत होतो. रणही पावसाळ्यात पाण्याखाली जातं, उरलेले महिने भेगाळतं. सड्याचंही तेच. आणि या असल्या जमिनीवर माणसं हजारो वर्षं राहिली. आमच्या मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातल्या इतर कातळशिल्पांसोबत त्या २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. देशातल्या पडीक जमिनींचे सरकारी नकाशे आहेत. त्यात उघड्या खडकाचा एक रकाना आहे, खारवट जमिनीचा एक, वाळवंटी वाळूचा एक. मी वर्षभर ज्यावर धावलो, ते सगळं तिथे ओळीने सापडतं.

परत आल्यावर धावण्यात एक काम वाढवलं. सड्याच्या पायथ्याशी एक विहीर आहे, चौदा घरं तिच्यावर जगतात. दर रविवारी सडा उतरलो की दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजायची आणि फोनमधल्या शीटमध्ये लिहायची. मार्चमध्ये नऊ फूट. एप्रिलमध्ये सात. मेच्या शेवटच्या रविवारी, सगळीकडे टँकरची भाषा सुरू असताना, साडेचार. वर ५६ अंशांचा खडक आणि खाली गार पाणी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्याच्या भोकांतून, भेगांतून खाली झिरपतं आणि पायथ्याशी सावकाश बाहेर येतं. धोळावीराच्या लोकांना टाक्या खोदाव्या लागल्या. आमची टाकी आयती आहे, फक्त तिला झाकण दिसत नाही. आणि चिरे काढायचे म्हणजे वरचा कातळ सोलायचा आणि थराथराने खाली जायचं. जो दगड पाणी धरतो, तोच विकायचा.

ते आकडे मी बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. म्हणाले, “ह्या काकाक सांग. माका नको.”

काकांना फोनवर सांगून उपयोग नाही. पोरीची अॅडमिशन साडेचार फुटांच्या पाण्यावर होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून त्यांच्यासाठी दुसरी शीट केली आहे. सात-बारावरचे जे सहा जण कमावतात, त्यांनी महिन्याला किती टाकले तर तिची पहिल्या वर्षाची फी निघते. माझं नाव सात-बारावर नाही, पण सातवा रकाना माझा. आमच्या छपरावर यंदा परत ताडपत्री.

चतुर्थीला सगळे येतील. तोपर्यंत सीतेची आसवं फुललेली असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांना वर घेऊन जायचं ठरवलंय. अंतर तीन किलोमीटर, वेग चालण्याचा. काकांचे गुडघे धरत नाहीत, म्हणून चढ टाळून पूर्वेकडून वाट काढली आहे. गेल्या रविवारी ती दोनदा चालून बघितली आणि सुट्टे दगड बाजूला केले. परतीची वाट विहिरीवरून उतरते.