मध्य-इंजिन मोटारीची घरगुती बांधणी
मध्य-इंजिन मोटारीत इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बसते. वजन मध्याशी एकवटल्याने मांजरसुंबा घाटासारख्या वळणांवर गाडी चपळपणे वळते. मात्र इंजिन थंड ठेवणे अवघड जाते. मोटार-डिझायनर दिलीप छाब्रिया यांची ‘डीसी अवंती’ ही याच रचनेची भारतीय मोटार २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवतरली. घरी बांधणाऱ्याने आधी नळ्यांचा सांगाडा, मग इंजिन-गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक हा क्रम पाळावा. प्रत्येक माप, जोड आणि फसलेला प्रयोग वहीत उतरवावा; अशा नोंदींवरच पुढचा कारागीर घडतो. रस्त्यासाठी मोटारी बनवायच्या, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नमुन्याची चाचणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त संस्थेत करून घ्यावी लागते.