उद्या द्या

गाव लहान की मोठे हे खानेसुमारीच्या आकड्यांवरून ठरवण्याची पद्धत मला कधीच पटलेली नाही. सरकारी दप्तरात आमच्या बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती आणि २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या हिशेबाने आम्ही केव्हाच शहरवासी झालो आहोत. पण गाव मोजायची माझी एक घरगुती रीत आहे. दुकानात जावे, चार जिनसा बांधून घ्याव्या आणि पैसे द्यायची वेळ आली की खिसे चाचपावे. दुकानदाराने पिशवी हळूच स्वतःकडे ओढली, तर ते शहर. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता त्याने ती तुमच्या हातात ठेवून "उद्या द्या" म्हटले, तर ते गाव. मग त्याची वस्ती दोन हजार असो की दोन लाख.

दोनच शब्द, पण त्यांच्या पोटात केवढा ऐवज आहे पाहा! उद्या तुम्ही इथेच असाल, मीही असेन, हे दुकान जाग्यावर असेल, आणि एका रात्रीत आपल्या दोघांपैकी कोणाचीही नियत पालटणार नाही, या चार गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या असतात. एवढी हमी कोणतीही विमा कंपनी देणार नाही. आमचा वाणी ती पावशेर चहाच्या पुड्यामागे देतो, आणि हप्ता मागत नाही.

बदलापूरला राहायचे आणि उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, हा माझा १९८१ पासून निवृत्तीपर्यंतचा, चांगला एकतीस वर्षांचा क्रम होता. मध्ये एकच स्टेशन, अंबरनाथ. मुंबईकर या तिन्ही गावांना 'कल्याणच्या पलीकडे' म्हणून एकाच दावणीला बांधतो. १८५६ साली कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी आली, तेव्हापासून एकाच रुळाने ती बांधलेली आहेत, हेही खरे. पण वर्षानुवर्षे जाऊन-येऊन माझी खात्री झाली आहे की, या तिघांना जोडणारा खरा रूळ लोखंडाचा नाही. तो या दोन शब्दांचा आहे.

आमच्या बदलापूरचेच पाहा. जुनी माणसे सांगतात की, शिवकाळात दूरच्या वाटेवरचे स्वार इथे थांबत आणि दमलेली घोडी बदलून घेत. म्हणून हे बदलापूर. इतिहासाचे पंडित ही व्युत्पत्ती मान्य करतील की नाही कोण जाणे. गावाने ती केव्हाच मान्य करून टाकली आहे. मला तिच्यातला व्यवहार फार आवडतो. आपले थकलेले जनावर अनोळखी माणसाच्या हवाली करायचे, त्याचे ताजेतवाने जनावर घेऊन दौडत जायचे, आणि परतताना ज्याचे त्याला द्यायचे! 'उद्या द्या' म्हणतात ते याहून निराळे काय असते?

घोडी गेली, पण अदलाबदलीची खोड काही गावाच्या हाडातून गेली नाही. सकाळच्या गाडीत बघावे. बदलापूर ते मुंबई अडुसष्ट किलोमीटर. एवढी वाट प्रत्येकाने बसून जावे इतकी बाके रेल्वेपाशी नाहीत. पण आमच्या डब्यात एक अलिखित कायदा होता. चढताना ज्यांना जागा मिळाली, ते ठाण्याच्या आसपास न सांगता उठत आणि उभे असलेल्यांना बसवत. कोणी "आभारी आहे" म्हणत नसे, कारण दुसऱ्या दिवशी हिशेब उलटा व्हायचाच असे. एका कोपऱ्यात टाळ वाजत, दुसऱ्या कोपऱ्यात पत्ते पिसले जात आणि शेजारच्या बायकांच्या डब्यात संध्याकाळची मेथी निवडून होई. मला तिसऱ्याच स्टेशनावर उतरायचे असे. तरी त्या दहा-पंधरा मिनिटांत मला तीन घरांची आजारपणे आणि दोन घरांचे साखरपुडे समजलेले असत.

उल्हासनगरला उतरले की भाषा बदले, वास बदले. दाल-पकवानाच्या गाड्यावरून फोडणीचा खमंग दरवळ येई. नव्या माणसाला पत्ता विचारला की बुचकळ्यात पडायला होई, कारण इथे पेठ नाही, आळी नाही. आहे तो 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच'. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावण्या उभारल्या होत्या. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेल्या माणसांना या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. वस्ती पाहता पाहता लाखाच्या घरात गेली. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांच्यापाशी उल्हास वाटावा असे काहीही उरले नव्हते, त्यांच्या गावाला हे नाव! नदीवरून ठेवलेले असले तरी मला ते आशीर्वादासारखे वाटते.

१९८३ साली धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मी आईला घेऊन तिथल्याच एका कापडाच्या दुकानात गेलो. सिंधी घरात येणाऱ्याला पापड आणि पाणी देतात. त्या दुकानातही आधी पापड आला, मग साड्या आल्या. आईचा हात सैल सुटला आणि हिशेब माझ्या पाकिटाच्या दीडशे रुपये पुढे गेला. त्या काळच्या मास्तराला दीडशे रुपये म्हणजे थट्टा नव्हती. मी दोन साड्या बाजूला काढू लागलो, तशी म्हाताऱ्या दुकानदाराने त्या पुन्हा गठ्ठ्यात सरकवल्या. "साईं, कल दे देना. मास्तर हो, भागकर कहां जाओगे?"

गाडीत बसल्यावर मला त्या 'कल'ची गंमत वाटू लागली. हिंदीत काल आणि उद्या या दोन्हींना एकच शब्द. या माणसाचा काल सिंधू नदीच्या काठी राहिला होता. घर, दुकान, वसूल व्हायची सारी उधारी, सगळे तिथे टाकून तो आला होता. उद्यावरचा विश्वास कायमचा उडायला याहून मोठे कारण कोणते हवे? तरी एका अनोळखी मास्तराला तो 'कल' म्हणत होता. कदाचित असेही असेल की, सर्वस्व बुडालेल्या माणसालाच हे उमगते की उद्या दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय तो आपल्यालाही मिळत नाही. दीडशे रुपये मी तीन पगारांत फेडले. प्रत्येक वेळी पापड खावा लागला.

अंबरनाथचा उद्या मात्र फार लांब पल्ल्याचा. वालधुनीच्या काठचे तिथले शिवालय शिलाहारांच्या काळचे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. काळ्या दगडावर तसूभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. गाभारा खोल, पायऱ्या उतरून खाली जावे लागते. ज्यांनी हे दगड घडवले त्यांचे नाव-गाव कोणाला माहीत नाही, आणि आपले काम कोण पाहणार हे त्यांनाही माहीत नव्हते. त्यांची मजुरी कोणी चुकती केली असेल ती असो. त्यांचे खरे देणे आपण साडेनऊशे वर्षे फेडतो आहोत. महाशिवरात्रीच्या जत्रेत मात्र व्यवहार रोकडा नसतो. चपला सांभाळणाऱ्या बाईपुढे नाणे धरावे तर ती मान हलवते. "जाताना द्या." त्या गर्दीत जाताना तिला कोण शोधणार? पण लोक शोधतात. मी कित्येकांना फुलांच्या राशी ओलांडून तिच्याकडे परतताना पाहिले आहे.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? ओळखीच्या माणसाला उधारी कोणीही देईल. त्याला पुन्हा गिऱ्हाईक हवे असते. हा आक्षेप मी स्वतःशीही पुष्कळदा घेतला होता. त्याचे उत्तर २०१९ साली मिळाले. २७ जुलैच्या पहाटे उल्हास नदी फुगली आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकून पडली. आत हजारावर माणसे, लेकुरवाळ्या, गरोदर बायका. पुढे आपत्ती निवारणाची पथके आली, नौदल आले, होड्या आल्या आणि सारी माणसे सुखरूप बाहेर निघाली. पण त्यांच्याही आधी आजूबाजूच्या गावची माणसे पाण्यात उतरली होती. पाणी, बिस्किटे, हाताला येईल ते पोहोचवत होती. ते प्रवासी काही कोणाचे गिऱ्हाईक नव्हते. त्यांतला एकही माणूस दुसऱ्या दिवशी बदलापूरला येऊन बिस्किटाच्या पुड्याचे पैसे देणार नव्हता. ज्यांनी २००५ च्या जुलैमध्ये स्वतःच्या घरात कमरेएवढे पाणी पाहिले होते, ते जुनी उधारी फेडत होते इतकेच. घेतले एकाकडून, फेडले दुसऱ्याला. घोडी बदलण्याची तीच रीत.

माझ्या घरची एक गोष्ट सांगायची राहिली. पहिला पाऊस पडला की आमच्या बाजारात डोंगरवाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. टाकळा, कुर्डू, करटोली, आणि सगळ्यांच्या आधी शेवळे. शेवळांची भाजी म्हणजे कोकणच्या या टोकाची मिजास. नीट साधली तर मटणाच्या तोंडात मारते, बिघडली तर घसा असा खवखवतो की नाव नको. ती खाज मारायला सोबत काकडे नावाचे आंबट रानफळ घालावे लागते. माझी आई या भाजीत निष्णात होती आणि त्या दिवशी सुनेला चुलीजवळ फिरकू देत नसे. एका ठाकर बाईकडून ती दर वर्षी पहिल्या जुड्या घेई. त्यासाठी मे महिन्यातच आगाऊ पैसे देऊन ठेवी.

२००९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आई गेली. दिवसपाणी आटोपले, पाऊस सुरू झाला, आणि एका सकाळी ती बाई दारात उभी राहिली. खांद्यावर पोते, हातात पानांत बांधलेल्या चार जुड्या. आईची बातमी तिला बाजारातच कळली होती. मी पाकीट काढले तर ती मागे सरली. "आजीनं पैसे दिलेत. भाजी तुमचीच आहे." काकडे विसरली नव्हती. मग उंबऱ्यावर बसून तिने आमच्या सौभाग्यवतींना भाजी कशी चिरायची, काकडे किती, उकड कधी काढायची, हे सगळे आई करत असे तस्से सांगितले. इतक्या वर्षांत आईने ते सुनेला सांगितले नव्हते. बाजारात बसून त्या बाईला मात्र सांगून ठेवले होते. त्या दिवशी भाजी आईच्या हातची झाली. जेवताना आम्ही कोणीच बोललो नाही.

अलीकडे मात्र या दोन शब्दांवर संक्रांत आली आहे. आता प्रत्येक गाडीवर चौकटीचौकटींचे एक चित्र टांगलेले असते. त्याला फोन दाखवला की पैसे पोहोचतात, आणि बाजूला ठेवलेला डबा साऱ्या बाजाराला ओरडून सांगतो की, अमुक इतके रुपये मिळाले. मी यंत्रांचा वैरी नाही. रानभाजीवालीचे पैसे वाटेत कोणी हिसकावून घेत नाही, ही केवढी सोय! पण सुटे नाहीत ही अडचणच उरली नाही, तेव्हा 'उद्या द्या' म्हणणार कोण आणि कोणाला? आजचा हिशेब आजच चुकता होतो, अगदी पैशापर्यंत. कोणी कोणाचे काही लागत नाही. आणि कोणी कोणाचे काही लागत नाही, यालाच आपण दुसऱ्या अर्थाने एकटेपण म्हणतो.

गेली दोन वर्षे आमचा मुलगा आम्हाला ठाण्याला बोलावतो आहे. बाविसावा मजला आहे, लिफ्ट आहे, भाजी दारात येते, दवाखाना फाटकाशेजारी. "बाबा, इथे काय कमी आहे सांगा." काहीच कमी नाही. सौभाग्यवतींचे गुडघे आता आमच्या जिन्याशी बोलत नाहीत. माझ्याही छातीने एकदा सूचना दिली आहे. मुलगा प्रेमापोटी बोलतो आणि त्याचे चूक नाही. तेव्हा यंदा दिवाळीनंतर जायचे, असे आम्ही जवळजवळ ठरवले. "आधी वाण्याचे खाते पुरे करून या," घरातून हुकूम झाला.

धनत्रयोदशीला मी गेलो. शेठजींच्या गल्ल्यावर तो बोलका डबा आहेच, पण मागच्या फळीवर लाल वहीही आहे. आमचे पान त्यांनी काढले. वर वडिलांचे नाव, खाली माझे. बेरीज झाली, मी नोटा मोजल्या. शेठजींनी त्या घेतल्या, सव्वा रुपया परत माझ्या हातात ठेवला आणि वही मिटली.

"हे काय?"

"राहू द्या मास्तर. सणासुदीला खाते कोरे करू नये. पाडव्याला नवी वही निघेल, त्यात पहिली रक्कम ओढायला काहीतरी बाकी हवी ना?"

रात्री मुलाचा फोन आला. मी त्याला म्हटले की, इतक्यात निघता येईलसे दिसत नाही, शेठजींचा सव्वा रुपया देणे आहे. तो खो खो हसला. "बाबा, त्यांचा नंबर द्या, मी इथून आत्ता पाठवतो!"

सौभाग्यवती करंज्या तळत होत्या. त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला आणि फोन माझ्याकडून घेतला.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "उद्या द्या म्हणालेत."