सरोवराकाठचे टोरांटो : लिहिणाऱ्याचे नाव राहिले, सांगणाऱ्याचे?

टोरांटो म्हटले की कोणालाही कॅनडातील मोठे शहर आठवते. पण त्याच नावाचे एक लहानसे उपनगर ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात, लेक मॅक्वारी या सरोवराच्या पश्चिम काठावर आहे. आमचा पुतण्या न्यूकॅसल शहरात नोकरीस असल्यामुळे आम्हा उभयतांचा तिकडे महिनाभर मुक्काम झाला. त्या काळात टोरांटोला आम्ही तीन-चार वेळा जाऊन आलो. परदेशातील प्रेक्षणीय स्थळांची वर्णने आपण नेहमी वाचतो. आम्हाला येथे सांगायचे आहे ते त्या गावाच्या इतिहासाबद्दल आणि तेथल्या साध्या माणसांच्या जीवनाबद्दल. आपल्या समाजाने त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे आमचे मत झाले.

सिडनीहून न्यूकॅसलकडे जाणाऱ्या गाडीने निघाले की साधारण दोन तासांनी फॅसिफर्न नावाचे स्टेशन लागते. तेथे उतरून बसने टोरांटो गाठता येते. पूर्वी फॅसिफर्नहून टोरांटोपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा होता. तो १८९१ साली सुरू झाला आणि १९९० साली बंद पडला. रूळ काढले, पण जागा वाया जाऊ दिली नाही. त्या वाटेवर आता पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलवाल्यांसाठी दोन-अडीच किलोमीटरचा झाडीतला रस्ता आहे. जुने स्टेशनही लोकांनी जपून ठेवले आहे.

सरोवर पाहिले की प्रथम समुद्रच वाटतो. सुमारे ११० चौरस किलोमीटरचा हा खाऱ्या पाण्याचा विस्तार स्वान्सी येथील अरुंद मुखातून समुद्राला मिळतो. पाण्याकाठी हिरवळ, बाके, लाकडी धक्का, लहान होड्या आणि कोणी मासा साफ करीत बसले की भोवती जमणारे मोठ्या चोचीचे पाणकोळी पक्षी, असे तेथले दृश्य असते. ज्या माणसांचे पूर्वज हजारो वर्षे या पाण्यावर जगले ते अवाबाकल लोक या सरोवराला ‘अवाबा’ म्हणत. सपाट पसरलेले पाणी, असा त्याचा अर्थ सांगतात.

गोऱ्यांना हे सरोवर सापडले ते चुकून. १८०० साली कॅप्टन विल्यम रीड हे कोळसा आणण्यासाठी हंटर नदीकडे निघाले होते. मुख चुकले आणि जहाज या सरोवरात शिरले. तेथल्या मूलनिवासींनीच त्यांना कोळसा दाखवला. त्यामुळे पुढे पुष्कळ वर्षे या जागेला ‘रीडची चूक’ असेच नाव होते. १८२६ मध्ये लॅकलन मॅक्वारी या माजी गव्हर्नरांचे नाव सरोवराला देण्यात आले. खुद्द टोरांटो हे नावही असेच बाहेरून आलेले. एडवर्ड हॅन्लन हा कॅनडातील टोरांटोचा जगज्जेता होडीपटू १८८४ साली ऑस्ट्रेलियात आला. त्या काळात येथे जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या कंपनीने त्याच्या गावाचे नाव या वस्तीला देऊन टाकले. म्हणजे सरोवराला नाव राज्यकर्त्याचे, वस्तीला नाव पाहुण्याच्या गावाचे. आणि जे मुळात तेथे राहत होते त्यांना कोणी विचारले नाही.

या गावाच्या इतिहासात दोन माणसे महत्त्वाची आहेत. पहिले लॅन्सलॉट थ्रेल्केल्ड हे इंग्रज मिशनरी. १८२५ मध्ये त्यांनी सरोवराच्या पूर्वेला, आजच्या बेलमाँटजवळ, लंडन मिशनरी सोसायटीचे ठाणे उघडले. खर्चावरून सोसायटीशी वाद होऊन १८२८ मध्ये त्यांचा आधार तुटला. मग सरकारी मदतीवर ते सरोवराच्या पश्चिमेला आले आणि १८३१ मध्ये आज जेथे टोरांटो आहे तेथे ‘एबेनेझर’ नावाचे ठाणे सुरू केले.

दुसरे बिराबान. हे अवाबाकल लोकांचे पुढारी. बिराबान म्हणजे गरुड. लहानपणी ते सिडनीच्या लष्करी छावणीत एका अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून वाढले आणि त्या अधिकाऱ्याच्या नावावरून गोरे त्यांना मॅकगिल म्हणू लागले. म्हणजे नोकरीबरोबर नावही मालकाचे! परंतु छावणीत त्यांनी इंग्रजी उत्तम आत्मसात केली आणि पुढे आपल्या लोकांत परत येऊन पुढारीपण केले. थ्रेल्केल्ड यांना अवाबाकल भाषा शिकवली ती बिराबान यांनी. एकेक शब्द, एकेक वाक्य, त्याचा नेमका अर्थ आणि उच्चार अशी ही शिकवणी वर्षानुवर्षे चालली. त्यातून थ्रेल्केल्ड यांचे व्याकरण १८३४ मध्ये छापून निघाले. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही मूलनिवासी भाषेचा इतका सविस्तर अभ्यास त्यापूर्वी झाला नव्हता. ल्यूकच्या शुभवर्तमानाचे भाषांतरही या दोघांनी मिळून केले. १८३० मध्ये गव्हर्नर डार्लिंग यांनी बिराबान यांना पितळेचा एक बिल्ला दिला. आपली मातृभाषा लिपीत आणण्यास मदत केल्याबद्दल हे बक्षीस, असे त्यावर कोरले होते.

बिल्ला मिळाला, पण न्याय मिळाला का? हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेला. मूलनिवासींवर खटले चालत तेव्हा सिडनीच्या सुप्रीम कोर्टात थ्रेल्केल्ड दुभाषे म्हणून उभे राहत आणि त्यांना बिराबान यांची मदत असे. परंतु बिराबान यांना स्वतः शपथ घेता येत नव्हती. कारण ते ख्रिस्ती नव्हते. ख्रिस्ती नाही म्हणून शपथ नाही, शपथ नाही म्हणून साक्ष नाही. समोर आपल्या माणसाचा खून झाला तरी मूलनिवासी माणसाचे बोलणे कोर्टाच्या लेखी शून्य होते. १८३८ मध्ये मायल क्रीक येथे गोऱ्या गुराख्यांनी २८ मूलनिवासी स्त्री-पुरुष व मुले मारली. त्या खटल्यात सात जणांना फाशी झाली, ती गोरे साक्षीदार पुढे आले म्हणूनच. थ्रेल्केल्ड यांनी अशा अत्याचारांची माहिती आपल्या अहवालांत लिहून ठेवली. हे त्यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे. मूलनिवासींना शपथेशिवाय साक्ष देता यावी असा कायदा न्यू साऊथ वेल्समध्ये १८७६ साली आला. तोपर्यंत बिराबान यांना जाऊन तीस वर्षे झाली होती. ते १८४६ मध्ये वारले.

एबेनेझरचे ठाणे १८४१ मध्ये बंद झाले. रोगराई, मारहाण, जमिनी जाणे आणि पोटासाठी न्यूकॅसलकडे सरकणे यामुळे सरोवराकाठी मूलनिवासी फारसे उरले नव्हते. त्यावरून पुढच्या काळातल्या पुस्तकांनी सरळ लिहून टाकले की ही जमात संपली. माणसे जिवंत असताना त्यांना कागदावर संपवणे हा प्रकार फार भयंकर आहे. जो संपला त्याचा हक्क कसला आणि त्याची जमीन कसली? ‘ही भूमी कोणाचीच नव्हती’ हे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तब्बल दोनशे वर्षे टिकले. टॉरस सामुद्रधुनीतील एडी माबो यांनी ते कोर्टात आव्हानित केले. ३ जून १९९२ रोजी हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. माबो त्याआधी काही महिने वारले होते. निकाल त्यांना ऐकता आला नाही.

मधल्या काळातील हकिगतही मूलनिवासींची परीक्षा पाहणारी आहे. १८८३ पासून न्यू साऊथ वेल्समध्ये त्यांच्यासाठी ‘संरक्षण’ मंडळ होते. त्याला १९१५ च्या कायद्याने आईबापांच्या संमतीशिवाय मुले उचलून नेण्याचा अधिकार मिळाला. मुलांना घरची भाषा विसरायला लावले गेले. केंद्रीय निवडणुकीत सर्व मूलनिवासींना मताचा अधिकार मिळाला तो १९६२ साली. १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स हे मूलनिवासी विद्यार्थी सिडनी विद्यापीठातील सोबत्यांना घेऊन बसने राज्यात फिरले. मोरी गावात मूलनिवासी मुलांना सार्वजनिक तलावात पोहण्यास बंदी होती. पर्किन्स त्या मुलांना घेऊन तेथे गेले आणि बंदी मोडली. पाण्यासाठीचा लढा म्हणजे काय, हे महाडच्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पर्किन्स पुढच्याच वर्षी पदवीधर झाले. आधी शिक्षण की आधी संघर्ष, असा घोळ त्यांनी घातला नाही. दोन्ही बरोबरच केले.

आता आजच्या टोरांटोकडे येऊ. हा परिसर मुळात कष्टकऱ्यांचा. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. याच काठावर वांगी वांगी येथे १९५० च्या दशकात सुरू झालेले वीज केंद्र १९८६ मध्ये बंद झाले. एरारिंगचे २८८० मेगावॅटचे केंद्र १९८० च्या दशकात आले. देशातील सर्वांत मोठ्या या केंद्राच्या बंद होण्याची तारीख अनेकदा मागे-पुढे झाली आहे आणि कामगार कुटुंबांच्या बोलण्यात तो विषय येतोच. सरोवराच्या उत्तर टोकाला बुलारू येथे १८९७ पासून २००३ पर्यंत शिसे व जस्त गाळण्याचा कारखाना होता. त्याने रोजगार दिला, पण अंगणातल्या मातीत आणि लहान मुलांच्या रक्तात शिसेही दिले. ती माती काढण्याचे काम कारखाना बंद झाल्यावरही चालू राहिले. कारखान्याच्या भिंतीला लागून राहणे म्हणजे काय, हे चाळीत आणि झोपडपट्टीत आयुष्य गेलेल्या माणसाला लगेच उमगते.

रविवारी काठावर सगळे गाव लोटते. बागेत विजेच्या सार्वजनिक शेगड्या असतात. कुटुंबे येतात, भाजून खातात आणि जाताना शेगडी पुसून जातात. पुसायला कोणी नोकर नाही आणि लाजही नाही. मासे धरण्यास परवाना लागतो आणि ठरावीक मापापेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडावा लागतो. २००२ पासून सरोवरात धंद्याची मासेमारी बंद केली आहे. वाचनालयात कोणीही जाऊन बसावे, पुस्तके घरी न्यावीत. पैसे पडत नाहीत. निवृत्त लोक आळीपाळीने स्वयंसेवक म्हणून काम करतात. कोणी जुन्या कपड्यांच्या दुकानात, कोणी होडी बुडाली तर धावून जाणाऱ्या पथकात. आमच्या सौभाग्यवतींना विशेष आवडले ते हे की, सत्तरीच्या बाया तेथे रिकाम्या बसत नाहीत आणि घरच्यांवर चिडतही नाहीत.

सार्वजनिक कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘ही भूमी अवाबाकल लोकांची आहे’ असे सांगून ज्येष्ठांना आदर दाखवण्याची पद्धत आहे. टोरांटोतील एका सरकारी शाळेला बिराबान यांचे नाव आहे. २००८ च्या १३ फेब्रुवारीस पंतप्रधान केविन रड यांनी हिरावून नेलेल्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली. पण सगळे छान झाले असे समजू नये. संसदेला सल्ला देणारी मूलनिवासींची संस्था घटनेत असावी का, यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वमत झाले आणि दर दहांतील सुमारे सहा मतदारांनी नाही म्हटले. उपकार म्हणून आदर देणे सोपे असते, हक्क म्हणून सत्तेत वाटा देणे जड जाते. हे आपल्यालाही नवीन नाही.

आणि तरीही एक गोष्ट घडली. जी भाषा मेली म्हणून लिहिले गेले तीच आता परत शिकवली जात आहे. न्यूकॅसल परिसरातील मिरोमा या मूलनिवासींच्या भाषा केंद्राने हे काम हाती घेतले. शब्द आणले कोठून? पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी बिराबान यांनी सांगितलेल्या आणि थ्रेल्केल्ड यांनी लिहून घेतलेल्या पुस्तकांतून. कोर्टाने ज्या माणसाची साक्ष घेतली नाही, त्याचीच साक्ष आज त्याच्या वंशजांच्या उपयोगी पडत आहे.

म्हणून आमचे समाजबांधवांना आणि भगिनींना एक कळकळीचे सांगणे आहे. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली. आपल्या घरात अजून अशी म्हातारी माणसे आहेत की ज्यांनी गिरणीत पाळ्या केल्या, गावकी सोडली, १९५६ च्या धम्मदीक्षेची हकिगत आईबापांच्या तोंडून ऐकली, नामांतरासाठी मोर्चे काढले. त्यांचे बोलणे कोणी पुस्तकवाला येऊन लिहून घेईल याची वाट पाहू नका. घरातील शाळकरी मुलाला वही द्या आणि रविवारी विहारातून आल्यावर आजीजवळ बसवा. आजीने सांगितलेले तिच्याच शब्दांत उतरवा, दिनांक घाला, आणि वर आजीचे पूर्ण नाव लिहा. सांगणाऱ्याचे नाव मागे पडले की पुढे कोणीही येऊन म्हणेल, हे लोक कधी नव्हतेच.

जयभीम!