चालीची सचोटी

कवितेला चाल लावण्याच्या कामात माझे बहुतेक आयुष्य गेले, आणि त्या कामाविषयी अधिकाराने सांगता येईल असे माझ्यापाशी जे काही आहे ते एवढेच की, गाण्यातील भावना खरी आहे की उसनी आहे याची रुजुवात संगीतकाराला एकट्याने, स्वतःच्याच कानावर विसंबून, करता येत नाही. तिला साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार आपल्याला पुरता ओळखणारा व आपली मुळीच भीड न धरणारा असा स्नेहीच असावा लागतो. ख्याल गाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पाठीशी घराण्याची शिस्त असते, रागाचे नियम असतात, आणि बंदिशीतील शब्द पुष्कळदा स्वरविस्ताराला निमित्त म्हणून आलेले असतात. तो एकांतात बसून वर्षानुवर्षे साधना करील तर त्याचे काही अडत नाही. भावगीत मात्र कवी, संगीतकार आणि गायक या तिघांच्या हातून घडते, आणि त्या तिघांचे परस्परांशी जे नाते असेल ते गाण्यात ऐकू आल्यावाचून राहत नाही, अशी माझी खात्री झालेली आहे.

पेटीसमोर बसलेल्या मनुष्याला करुणरस उत्पन्न करण्याची साधने फार सहजासहजी हाताशी मिळतात. कोमल गांधार आहे, शिवरंजनीची ओळखीची वळणे आहेत, संथ लय आहे, ओळीच्या अखेरीस षड्जावर ओघळत येणारी गळ्यातली मींड आहे, आणि इतके करूनही काही उणे वाटलेच तर पाठीमागून सारंगी आहे. ही साधने निष्फळ ठरत नाहीत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते आणि सभागृहातून दादही येते. परंतु ते पाणी त्या विशिष्ट कवितेमुळे आलेले असते काय, हा प्रश्न संगीतकाराने स्वतःला विचारावयास हवा. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरविली आहे. चाल पुरी झाली की त्याच वृत्तातील, त्याच मात्रांची, पण अगदी निराळ्या माणसाची निराळी कविता तीत बसवून पाहावी. ती जर बिनबोभाट बसली आणि चालीचे काहीच बिघडले नाही, तर ती चाल पहिल्या कवितेची कधी झालीच नव्हती असे समजावे. यशवंत देवांनी आपल्या पुस्तकाला ‘शब्दप्रधान गायकी’ असे नाव दिले आणि शब्दाला सुराच्या आधीचे स्थान दिले, तेव्हा ते कवितेच्या या हक्काचीच वकिली करीत होते असे मी मानतो.

आमचे चौघांचे मंडळ महाविद्यालयाच्या दिवसांपासूनचे. एक कवी, एक गायिका, एक तबलजी आणि मी. आमच्या तालमीतील एक प्रसंग येथे तपशीलवार सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचा सारा पुरावा त्यात आहे. कवीचे कोकणातील वडिलार्जित घर विकले गेले. खरेदीखतावर सही करून तो परत आला आणि काही महिन्यांनी त्याने एक कविता लिहिली. तिच्या धृपदाचा शेवट ‘उंबरा’ या शब्दावर होत होता. मी तिला दोन चाली बांधल्या. एक शिवरंजनीत, दादऱ्यात. दुसरी खमाजाच्या अंगाने, जवळजवळ सगळी शुद्ध स्वरांत, उतरताना तेवढा कोमल निषाद घेणारी. दोन्हींचे खर्डे घेऊन मी तालमीला गेलो. गायिकेने पहिली चाल अतिशय सुंदर गाइली; तबलजीने मान डोलावली. गाणे संपल्यावर तिने वही मिटली आणि मला म्हणाली, “अरे, चाल छानच आहे, पण हा असा रडतो का कधी? ह्याला दुःख झालं की हा बोलता बोलता थांबतो, आणि मग भलतंच काहीतरी बोलायला लागतो.” कवी समोरच बसला होता. त्याने क्षणभर खाली पाहिले आणि चहा कोणाकोणाला हवा आहे असे विचारले.

मग आम्ही दुसरी चाल घेऊन बसलो, आणि गायिकेचे ते वाक्य हाच त्या चालीचा आराखडा झाला. धृपदाची ओळ ‘उंबरा’ या शब्दाच्या अलीकडे तोडली आणि तेथे दोन मात्रा मोकळ्या सोडल्या. म्हणजे गाणारीने सांगता सांगता थांबावे आणि मग तो शब्द, काही विशेष घडले नाही अशा आवाजात, उच्चारून टाकावा. तो शब्द समेवर यावा हे उघड होते. परंतु कोणत्या समेवर, हे तबलजीने सांगितले. “ह्या शब्दाला डग्गा नको,” एवढेच तो म्हणाला. त्रितालाची किंवा दादऱ्याची सम डग्ग्याच्या घुमाऱ्यासह येते आणि तिच्यावर पडलेला शब्द आपोआप ठासून सांगितल्यासारखा होतो. रूपकाच्या सात मात्रांत मात्र सम हीच खाली असते, तेथे ‘तीं’ हा बोल वाजतो आणि डग्गा घुमत नाही. म्हणजे ज्या शब्दापाशी सगळ्यांत अधिक भार यावा अशी श्रोत्याची अपेक्षा, नेमक्या त्याच शब्दाखाली आधार नाही. घराचा उंबरा सुटलेल्या माणसाची अवस्था याहून नेमकेपणाने सांगण्याचे साधन आपल्या तालशास्त्रात असेल असे मला वाटत नाही. आणि ते सुचले ते रूपक तालाच्या ज्ञानामुळे जितके, तितकेच कवीला इतकी वर्षे जवळून पाहिल्यामुळे. अंतऱ्यात आम्ही फारसे काही केले नाही. तेथे घराची वर्णने होती, आणि वर्णनांना सरळ चाल पुरते.

आपल्या भावगीताचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघेही 1919 साली जन्मलेले, कोल्हापुरातील उमेदवारीच्या काळापासून परस्परांना ओळखणारे. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून 1955 च्या रामनवमीला सुरू झाले आणि आठवड्याला एक गीत या क्रमाने वर्षभर चालले. छप्पन गीते झाली. या मुदतीचा विचार केला म्हणजे मन थक्क होते. दर आठवड्याला नवे काव्य, नवी चाल, पुष्कळदा नवा गाणारा: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके आणि आणखी कितीतरी. इतक्या घाईत कवीने संगीतकाराला प्रत्येक ओळीचा आशय समजावून देत बसण्यास सवड कोठून मिळणार? भूपातील पहिल्या गीतापासून भैरवीतील शेवटच्या गीतापर्यंत दशरथ, कौसल्या, भरत, सीता या प्रत्येकाचा स्वभाव चालीत वेगळा ऐकू येतो आणि एकही शब्द चालीखाली चिरडला जात नाही, याचे श्रेय फडक्यांच्या प्रतिभेला आहेच. परंतु माडगूळकरांची ओळ कोठे वळते, कोठे थबकते, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सहवासाने अंतर्बाह्य ठाऊक होते, ही बाब मला तितकीच महत्त्वाची वाटते.

मंगेश पाडगांवकर, यशवंत देव आणि अरुण दाते यांच्या त्रयीकडेही मी याच दृष्टीने पाहतो. पाडगांवकर व देव हे दोघेही मुंबई आकाशवाणीत काम केलेले. दाते इंदूरचे, शिक्षणाने वस्त्रोद्योगातील अभियंते. दात्यांच्या ‘शुक्रतारा’ या गाण्याची चाल मात्र श्रीनिवास खळे यांची, आणि खळ्यांच्या चाली गायकाची कठोर परीक्षा घेणाऱ्या, वळणावळणाच्या. देवांची चाल त्या मानाने बोलण्याच्या जवळची; ओळ एखाद्या शहाण्या मनुष्याने समोर बसून म्हणावी तशी ती पुढे जाते. दात्यांच्या मृदू, कोणावरही दडपण न आणणाऱ्या आवाजाला पाडगांवकरांचे आर्जव आणि देवांचे संभाषण असे काही मानवले की, तो आवाज कोणाचा, ते शब्द कोणाचे, याची वाटणी करणे श्रोत्याच्या मनातही येत नाही. खळे थोर संगीतकार होते, आणि मला तर त्यांच्या चाली अधिक प्रिय आहेत. परंतु मैत्रीतून निर्माण झालेली सरलता शिकावयाची तर ती देवांच्या चालींतच शिकावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे.

मैत्रीमुळे गाणे खोटे होण्याचाही धोका असतो, आणि तो लहान नाही. स्नेह्याची कविता परत करणे जड जाते. तिच्यात त्याचे खरे दुःख असेल तर त्याहूनही जड जाते. मग सगळेच एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात, प्रत्येकजण दुसऱ्याच्या कामाची तारीफ करतो, आणि गाणे गुळगुळीत होते. म्हणून आमच्या तालमीत प्रत्येकाला प्रत्येकाच्या प्रांतात हरकत घेण्याची मुभा आहे. तबलजीने शब्दावर बोलावे, कवीने लयीवर बोलावे, आणि ज्याला खटकले त्याने कारण सांगता आले नाही तरी बोलावेच. मानधनाचा हिशेब मात्र आधीच कागदावर मांडून ठेवावा. कलेवरून झालेली तकरार चार दिवसांत मिटते, पैशावरून झालेली मिटत नाही.

हल्ली वादक एका दिवशी वाजवून जातात, गायक दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून गातो, आणि कवी ध्वनिमुद्रणाला येतोच असे नाही. या पद्धतीची सोय मी जाणतो आणि ती मी स्वतःही वापरतो. माझी हरकत दोनच गोष्टींना आहे. पहिली, चाल घडत असताना ही माणसे एका खोलीत नसतील तर पुढे कितीही ट्रॅक एकावर एक चढविले तरी ती उणीव भरून निघत नाही. दुसरी, गायकाचा किंचित हललेला स्वर संगणकावर सरळ करून घेण्याची जी रीत पडली आहे, ती पुष्कळदा गाण्यातील सर्वांत खरी जागाच पुसून टाकते. आमच्या त्या गाण्यात दोन मात्रांच्या विरामानंतर ‘उंबरा’ म्हणताना गायिकेचा स्वर थोडा खाली राहिला आहे. तंत्रज्ञाने तो दुरुस्त करण्याची तयारी दाखविली. आम्ही चौघांनीही मंजुरी दिली नाही.

या अंकाच्या तरुण वाचकांपैकी कोणी चाली बांधत असतील तर त्यांना माझी एक विनंती आहे. पेटी उघडण्यापूर्वी कवीला समोर बसवावे आणि त्याची कविता त्याच्याच तोंडून दोनदा ऐकावी. तो श्वास कोठे घेतो, कोणत्या शब्दापाशी त्याचा आवाज उतरतो, कोणता शब्द तो घाईने म्हणून टाकतो, या जागांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात, आणि जी गाणार आहे तिलाही त्या वेळी तेथे हजर ठेवावे. चाल त्यानंतर करावी.