साठीशांतीची तबकडी

आमच्या मातोश्रींचें वय आज 77 आहे. जुन्या डीव्हीडी-प्लेअरची कळ दाबणें त्यांस जमतें. त्यापलीकडील यंत्रविद्येशीं त्यांनीं उघड असहकार पुकारला आहे. म्हणून 2003 सालीं वाईच्या घरीं झालेल्या आमच्या वडिलांच्या साठीशांतीचें चित्रण त्यांस दाखवावयाचें, तर तें तबकडीवरच उतरविणें प्राप्त होतें. वडील जाऊन नऊ वर्षें झालीं.

नव्या लॅपटॉपांत तबकडीसाठीं खणच नसतो; सबब यूएसबी तारेनें जोडावयाचें बाहेरील यंत्र आम्हीं आणिलें. पहिली तबकडी अर्ध्यावर अडली. दुसरीवर फाइल जशीच्या तशी उतरविली, ती प्लेअरनें ओळखलीच नाहीं. त्याला एमपेग-2 पद्धतीनें बांधलेली डीव्हीडी-व्हिडिओच हवी, हें चिरंजीवांनीं मागाहून सांगितलें. आधीं चुकूं द्यावें व मग शिकवावें, ही रीत वर्गांत आम्हीच चालवीत आलों, त्यामुळें बोलावयास जागा नव्हती.

या कामास ‘बर्न’ करणें म्हणतात. शब्द अलंकारिक असावा असें आम्हांस वाटे. पण कोऱ्या तबकडीच्या पोटांत रंगद्रव्याचा थर असतो आणि तांबडा लेसर-किरण त्यास खरोखरच चटके देत जातो.

खरी अडचण पुढेंच होती. टेपा तीन, प्रत्येकी एक तासाची. संगणकांत उतरल्यावर दर तासास सुमारें 13 जीबी. तबकडींत मावणार 4.7. चित्रण आवळून बसवितां येतें, परंतु दोन तासांहून फार अधिक कोंबल्यास चेहऱ्यांचे चौकोन होऊं लागतात. दोन तबकड्या कराव्या, तर मातोश्रींचे हात कांपतात. बदलणें त्यांस होत नाहीं. म्हणजे एक तास कापणें आलें. आम्हीं होमहवन ठेविलें, भाषणें ठेविलीं, आहेर ठेविला. आणि ज्यांत कांहींच घडत नव्हतें तें गाळलें.

रविवारीं तबकडी लागली. मातोश्रींनीं सारें स्थिर नजरेनें पाहिलें. मग म्हणाल्या, “अरे, पंगत उठल्यावर हे ओसरीवर एकटेच पान लावीत बसले होते ना? तें कुठें गेलें?”

सुदैवानें मूळ फाइली आम्हीं पुसल्या नव्हत्या. त्याच रात्रीं पुन्हां बसलों. या खेपेस भाषणें गेलीं, त्यांत आमचेंहि गेलें. ओसरीवरचीं अकरा मिनिटें सबंध घेतलीं. त्यांत वडील दोन पानें लावितात, एक खातात, आणि दुसरें हातांत धरून आंत स्वयंपाकघराकडे पाहत राहतात. यंत्राचा दिवा लुकलुकत होता तोंवर मातोश्री जाग्याच होत्या.