चाळीस लाखांची पिकअप आणि चिखल्याची वाट

बेळगावचं आणि चाकांचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचं दुकान काढलं. सायकलीनंतर लोखंडी नांगर आले, १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे त्याच घराण्याच्या भागीदारीतून १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदीला. २००० सालची क्वालिस तिथलीच. लग्नाची वऱ्हाडं आणि गोव्याच्या सहली तिने किती वाहिल्या याला गणती नाही. आता तिथूनच हायलक्स नावाची पिकअप बाहेर पडते, आणि तिने आमच्या नात्यातल्या एका घराची शांतता घालवली आहे.

माझा मावसभाऊ फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. आम्ही त्याला दादाच म्हणतो. जांबोटीच्या पुढे त्याची चार एकर काजूची बाग आहे. बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे लाल मातीची चाकोरी. नोकरीत असताना जोंगा आणि जिप्सी चालवलेल्या या माणसाच्या मनात निवृत्तीच्या पैशातून हायलक्स घ्यायचं आलं. तीही ऑटोमॅटिक, कारण डावा गुडघा दुखतो. वहिनींचा प्रश्न सरळ होता, "चाळीस लाखाच्या गाडीतून काजूचं पोतं नेलं तर बाजारात भाव जास्त मिळतोय काय?"

घरात दोन महिने बोलणी झाली, अबोला झाला. शेवटी असं ठरलं की, एका दिवसात सगळ्या गाड्या त्याच वाटेवर बघायच्या आणि मग काय ते ठरवायचं. गोव्यातल्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याची हायलक्स आली. गावातल्या एका बागायतदाराकडे २०२१ ची इसुझू व्ही-क्रॉस होती, तो आनंदाने तयार झाला. तिसरी गाडी कुणी मुद्दाम बोलावली नव्हती. जांबोटीकडचा भाजीपाला बेळगावच्या मार्केटला आणणारा बोलेरो पिकअपवाला रिकामा परत निघाला होता, तो सोबत आला. श्रावणातला दिवस. वहिनी आणि मी मागच्या सीटवर, मांडीवर पोह्यांचा डबा.

डांबरावर

पिरनवाडी सोडली, किणये गेलं, कुसमळीला मलप्रभा ओलांडली. चोर्ल्याच्या या रस्त्यावरून गोव्याला जाणाऱ्या माणसाला खड्ड्यांचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. पिकअप ही मुळात ओझ्याची गाडी. तिच्या मागच्या चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, आणि पाठीवर वजन नसलं की त्या ताठ राहतात. हायलक्सही याला अपवाद नाही. पुढे बसलेल्या दादाला रस्ता मऊ वाटत होता, मागे आम्ही दोघी प्रत्येक खड्डा मोजत होतो. व्ही-क्रॉसमध्ये बसून बघितलं, तिथेही मागची पाठ सरळच. वहिनींच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना या उंचीवर चढवायचं म्हणजे पाटच लागणार. घरची एकमेव गाडी म्हणून पिकअप घेणाऱ्याने ही गोष्ट आधी पारखावी. पुढच्या सीटवर बसून केलेली चाचणी अर्धीच असते.

इंजिनाच्या जोरात मात्र तुलनाच नाही. हायलक्सचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचं. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं, १६३ चं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं असूनही पंचाहत्तरच्या घरातलं. चढणीला हायलक्स श्वास न बदलता वर जाते. व्ही-क्रॉस थोडा आवाज करते, पण मागे राहत नाही. बोलेरो दुसऱ्या गिअरवर घुमत येते, आणि आपण चहाचा पेला संपवेपर्यंत पोचते.

चिखलात

खरी परीक्षा बागेच्या चाकोरीत. आपल्याकडची जांभ्याची माती पावसात साबणासारखी होते. साध्या पिकअपमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो, आणि त्यातलं एक चाक चिखलात मोकळं झालं की सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकातच वाया जातो. गाडी जागची हलत नाही. चारही चाकांना जोर मिळाला तर उरलेली चाकं तिला ओढून काढतात. हायलक्समध्ये मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप आहे, आणि 'फोर-लो' टाकलं की गाडी मुंगीच्या पावलाने पण प्रचंड ताकदीने सरकते. दादाने फोर-लो टाकलं, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी बागेच्या फाटकाशी नेऊन उभी केली. चेहऱ्यावर वीस वर्षांपूर्वीचा जवान होता.

व्ही-क्रॉसलाही चार चाकं आणि फोर-लो आहे. तीही वर आली. एका ठिकाणी बाजूला सरकली, बागायतदाराने थोडं मागे घेऊन पुन्हा चढवली, एवढंच.

बोलेरोवाला चाकोरीच्या तोंडाशी थांबला. उतरून त्याने बांधाजवळ पडलेले जांभ्याचे दहा-बारा चिरे मागे टाकले. रिकामी पिकअप मागून नाचते, वजन पडलं की चाक जमीन धरतं, हे त्याचं शास्त्र. मग एका दमात, मध्ये ब्रेक न लावता, तो वर आला. दादा हसायला लागला तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमची गाडी चांगलीच हाय. पन एकदा का फसली की लाखाची असो नायतर चाळीस लाखाची, ट्रॅक्टरच बोलवायला लागतंय."

इथे एक गोष्ट वाचकांनी, विशेषतः तरुणांनी, ध्यानात ठेवावी. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. म्हणजे सव्वादोन फूट. पण ते साचलेल्या पाण्याचं माप आहे. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी मोठ्या गाडीला ढकलून नेऊ शकतं, आणि आपल्या ओहोळांना आषाढ-श्रावणात धारच असते. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी कुठलीही असो, थांबावं.

हिशेब

आता पैशाचं बोलू. २०२२ मध्ये हायलक्स आली तेव्हा शोरूमची किंमत ३३.९९ लाखांपासून होती आणि वरच्या ऑटोमॅटिकची ३६.८० लाख. २०२३ मध्ये सुरुवातीचं मॉडेल ३०.४० लाखांवर उतरलं, वरची मॉडेलं मात्र महागली. व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आपल्याकडे आली ती साडेबारा लाखांच्या आत. २०२१ मध्ये तिचं चार चाकांचं मॉडेल २०.९८ लाखांना झालं आणि पुढेही चढतच गेलं, त्यामुळे दोघींमधलं अंतर पहिल्यापेक्षा कमी झालं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, म्हणून नेमका आजचा आकडा शोरूममध्येच विचारावा. बोलेरो पिकअप दहा लाखांच्या आसपासची गाडी.

शोरूमचा भाव म्हणजे काही शेवटचा भाव नव्हे. कर्नाटकात वीस लाखांवरच्या खाजगी गाडीला १८ टक्के आजीवन कर आहे, त्यावर उपकर आणि मग विमा. पस्तीस लाखांच्या गाडीला नुसता करच सव्वासहा लाखांच्या वर जातो. चाळीस लाख सहज ओलांडतात. यावर आपल्याकडे एक उपाय हमखास सुचवला जातो, गोव्याच्या पत्त्यावर नोंदणी करायचा. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर नोंदणी बदलावीच लागते. बेळगावात रोज फिरणारी गोव्याची पाटी किती दिवस लपणार? शिवाय पिकअपला पांढरी पाटी मिळणार की पिवळी, याची चौकशी पैसे भरण्याआधी आरटीओत करून घ्यावी.

आणि ओझं? बोलेरोच्या १.७ टनाच्या मॉडेलवर १७०० किलो माल कायद्याने नेता येतो. हायलक्सवर जेमतेम अर्धा टन. म्हणजे चौपट किंमत आणि तिसरा हिस्सा ओझं. मग जास्तीचे पैसे कशाचे? सात एअरबॅगचे, एसीचे, पाच माणसांच्या जागेचे, आणि दादासारख्या माणसाला फोर-लो टाकताना होणाऱ्या आनंदाचे. या आनंदाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं बर्फात आणि वाळूत काढलेल्या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं तर त्यात वावगं काय? पण ही किंमत आनंदाची आहे, काजूची नव्हे, हे घरात स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. आमच्याकडचा अबोला सगळा त्या न बोलण्यातून आला होता.

जिथे गाडी थांबते

बागेतून निघाल्यावर दादाला अजून हौस होती, म्हणून चोर्ल्याचा रस्ता सोडून चिखल्याकडे गेलो. नावाला जागणारं गाव. इथून पुढे भीमगड अभयारण्याचं रान. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, पण आतली गावं कितीतरी आधीची. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली, तळेवाडी. रानातल्या वाटेवर हौसेने गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही गाड्या बाहेर उभ्या करून थोडं चालत गेलो.

२०२४ च्या जुलैमध्ये आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून, खांद्यावरून, भर पावसात काही किलोमीटर चालत चिखल्याकडे आणलं होतं. बातमी तेव्हा सगळीकडे आली. तिथल्या पायवाटेवर उभं राहिलं की ती बातमी पायांना कळते. निसरडे दगड, कमरेएवढं गवत, आणि पुढे ओहोळ. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर खोळ घेऊन त्या बाजूने येत होते. त्यांनी वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या हायलक्सभोवती एक फेरी मारली, टायरला हात लावून बघितला आणि दादाला विचारलं, "ही पलीकडं जातली काय?"

दादा म्हणाला, "नाही आजोबा. पाणी जास्त आहे."

"मग साकवच पायजे," एवढं बोलून ते निघाले.

तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी २०२५ मध्ये रान सोडून बाहेर यायचं ठरवलं. सरकारी योजनेत एका कुटुंबाला पंधरा लाख, त्यातला पहिला हप्ता दहा लाखांचा. घर, जमीन, देवाची जागा, आजोबांनी लावलेला फणस, सगळ्याचे मिळून पंधरा लाख. परतीच्या वाटेवर वहिनींनी हा आकडा मोठ्याने काढला आणि दादाकडे बघितलं नाही. हायलक्समध्ये बराच वेळ फक्त वायपरचा आवाज होता.

गाडी घेणाऱ्याने असल्या तुलना करू नयेत असं कुणी म्हणेल, आणि एका परीने ते खरंही आहे. दादाने गाडी घेतली नाही म्हणून आमगावला साकव होणार नाही. पण कठीण वाटेसाठी म्हणून जी गाडी घ्यायची, ती आपल्या मुलखातल्या खऱ्या कठीण वाटेच्या तोंडाशीच थांबते, हे बघितल्यावर त्या वाटेच्या नावाने चाळीस लाख मोजणं जड जातं.

तेव्हा माझं मत असं. ज्याची शेती मोठी, मळ्यात रोजचं जाणं-येणं, दर आठवड्याला घाट, आणि पैसा कर्जाचा नव्हे तर हातचा, त्याने हायलक्स जरूर घ्यावी. टिकाऊपणात तिचं नाव जगात उगीच झालेलं नाही. चार चाकांची गरज खरी आहे पण पैशाला दुसऱ्या वाटा आहेत, त्याला व्ही-क्रॉस नव्वद टक्के तेच काम करून देते. त्यात जुनी, नीट सांभाळलेली मिळाली तर उत्तमच. आणि ज्याला माल न्यायचा आहे त्याने बोलेरो घ्यावी, चार चिरे जवळ ठेवावेत आणि एका ट्रॅक्टरवाल्याशी ओळख ठेवावी. तिघांनीही घरच्या बाईला आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्यावर तासभर फिरवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दादा आता जुनी ऑटोमॅटिक व्ही-क्रॉस शोधतो आहे. वहिनींनी उरणाऱ्या पैशातून दोन गोष्टी लिहून घेतल्या आहेत: बागेला कुंपण, आणि त्या दीड किलोमीटरच्या चाकोरीवर मुरूम. दुसरं काम झालं तर पहिल्या गाडीचीही गरज उरणार नाही, असं त्या हळूच म्हणतात. दादाला अजून ते ऐकू आलेलं नाही.