म्हैस कक्षेत कशी जाईल?

म्हैस पंढरपुरी धरू. मुऱ्हा अंगानं जास्त भरते. हिशेबाला वजन सरळ 500 किलो. लायकाला घेऊन 3 नोव्हेंबर 1957 ला गेलेलं स्पुटनिक-2 अख्खं 508 किलोचं होतं, आणि त्यातली कुत्री जेमतेम सहा किलोची!

*

कक्षेत जायचं तर उंचीपेक्षा आडवा वेग महत्त्वाचा. 300 किलोमीटर उंचीवर तो सेकंदाला 7.7 किलोमीटर लागतो. या वेगाची आणि उंचीची ऊर्जा मिळून पाचशे किलोला सुमारे साडेचार हजार युनिट वीज. महिन्याला 100 युनिट वापरणारं घर तेवढ्यात पावणेचार वर्षं चालेल. मला हा आकडा फार आवडतो. म्हैस कक्षेत नेण्याएवढी ऊर्जा आपल्या घरांत सहज खर्च होते. अडचण ती देण्याच्या रीतीत आहे. रॉकेटला पुढं जाळायचं इंधनही आधी उचलावं लागतं. म्हणून आपलं एलव्हीएम-3 उडताना 640 टनांचं असतं आणि खालच्या कक्षेत पोचवतं आठ टनांच्या आसपास.

*

तोफेनं उडवली तर? म्हशीला 3 जीपेक्षा, म्हणजे तिच्या वजनाच्या तिपटीपेक्षा, जास्त भार द्यायचा नाही म्हटलं, तर नळी हजार किलोमीटर लांब हवी. एवढं करूनही भागत नाही. जमिनीवरून एकाच धक्क्यात सोडलेल्या वस्तूची कक्षा फिरून जमिनीलाच येऊन मिळते. वर गेल्यावर आडवा दुसरा धक्का हवाच. तोफ बाद.

*

बसवायची कशी? माणूस उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपतो. म्हशीला उताणी केली तर पोटाचा सगळा भार छातीच्या पडद्यावर येईल आणि श्वास कोंडेल. उभी ठेवली तर 3 जीला चार पायांवर दीड टन. पाय दुमडून, पोटावर, रवंथ करताना बसते तशीच बसवावी. डोकं आणि हृदय जवळपास एका पातळीत राहतात, त्यामुळं रक्त डोक्याकडून ओसरत नाही. तिची रोजची बैठकच उड्डाणाला सगळ्यात योग्य.

*

खरा पेच पोटफुगीचा. म्हशीच्या पहिल्या पोटात चारा आंबतो आणि दिवसाला शेकडो लिटर वायू तयार होतो. एरवी तो वर जमतो आणि ढेकरेवाटे जातो. पण कक्षेत वर-खाली उरतच नाही. वायू आणि रस फेसासारखे एकत्र राहणार. पोट फुगलेल्या जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करतात, तो उपाय तिथं चालणार नाही. अंतराळवीरांनाही कोरडी ढेकर येत नाही. त्यांचं निभतं, म्हशीच्या जिवावर बेतेल.

*

उपाय आहे. रिकामा झालेला रॉकेटचा टप्पा यानाला दोरानं बांधून दोघांना एकमेकांभोवती फिरवायचं. म्हैस केंद्रापासून 25 मीटरवर आणि मिनिटाला सहा फेरे, की तिला पृथ्वीवरचंच वजन मिळतं. 1977 मध्ये सोव्हिएत कॉसमॉस 936 या उपग्रहात उंदीर फिरवून त्यांना असंच वजन दिलं होतं.

*

उष्णता विसरू नये. म्हशीला घाम कमी येतो, म्हणून तर ती डबक्यात बसते. यानात डबकं नाही. तिच्या अंगातून सतत काहीशे वॅट उष्णता बाहेर पडणार, ती अवकाशात सोडायला पंखे, पाणी, रेडिएटर लागतील. लायका काही तासांतच अति उष्णतेनं गेली. हे जगाला 2002 मध्ये कळलं. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. तिच्या प्रशिक्षणात असलेल्या ओलेग गाझेन्को यांनी 1998 मध्ये जाहीर खंत व्यक्त केली. वाचलं की आजही पोटात कालवतं.

*

बेल्का आणि स्ट्रेल्का या सोव्हिएत कुत्र्या 19 ऑगस्ट 1960 ला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कक्षेतून जिवंत उतरल्या. पुढं स्ट्रेल्काला पिल्लं झाली. म्हशीसाठीही आधी परतीचं यान, पॅराशूट आणि उतरायची जागा ठरवा. तोवर तिला गोठ्यातच राहू द्या.